सगळ्याच हातकामाची किंमत का विचारायची?



बाईच्या हातून काही चांगलं घडलं की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "एवढा वेळ कुठून मिळतो गं तुला?" आणि दुसरा, "विकतेस का?" पहिल्यात थोडा टोमणा असतो, दुसऱ्यात कौतुक असतं. मला मात्र अलीकडे त्या कौतुकाच्या प्रश्नाचाच जास्त त्रास होऊ लागला आहे. आज त्यावरच लिहिते.

आधीच सांगते, मी पैशाला नावं ठेवणारी नाही. कॉमर्सची पदवी घेतली, नोकरी केली नाही, पण गेली चाळीस वर्षं घरचा जमाखर्च रोजच्या रोज लिहिते. दूधवाल्याचा हिशेब असो की घराचं कर्ज, माझी वही कधी अडली नाही. त्यामुळे पुढचं जे म्हणणं आहे ते हिशेब बाजूला ठेवून केलेलं नाही, हिशेब करूनच केलेलं आहे. ज्या बाईचं कमाईचं कामच हाताचं आहे, तिच्याकडे एखादं तरी हातकाम असं असावं, ज्याला भाव नाही, गिऱ्हाईक नाही आणि द्यायची तारीख नाही.

हे सुचलं ते माझ्या धाकट्या जावेमुळे. ती दागिने गाठवते. आमच्या कोल्हापूरकडे सराफ दागिना घडवतो, पण मणी, पानं, पदकं ओवून, दोऱ्याला पीळ देऊन, मागे गोंडा लावून तो गळ्यात घालण्याजोगा करायचं काम वेगळं असतं. पूर्वी ते पटवेकरी करायचे, आता बऱ्याच ठिकाणी घरोघरी बायका करतात. मंगळसूत्र, ठुशी, मोहनमाळ, तन्मणी, चिंचपेटी, साज असं सगळं जाऊबाईंच्या हाताखालून गेलं आहे. जोडीला मोत्यांचे आणि पॉलिशचे दागिने ती स्वतः तयार करूनही विकते. वीस-बावीस वर्षं हेच काम. मान खाली, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर पांढरं फडकं, म्हणजे सांडलेला मणी दिसावा. लग्नसराईत रात्री अकरा वाजेपर्यंत दिवा चालू असतो. ठुशीचा एक मणी कमी पडला तर दुसऱ्या दिवशी सराफाला उत्तर द्यावं लागतं. हातात दुसऱ्याचं सोनं घेऊन बसायचं म्हणजे मन कधी सैल सोडता येत नाही.

अशा बाईने अठ्ठावन्नाव्या वर्षी मोबाइलवर फोटो काढायला शिकायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांना आनंदच झाला. कारण सरळ होतं. दागिन्यांचे फोटो चांगले निघाले तर व्हॉट्सअॅपवरून विक्री वाढेल. तिलाही गरज होतीच. एका गिऱ्हाइकाने बाहेरगावाहून माळ मागवली आणि "फोटोत पिवळी दिसत होती, ही तांबूस आहे" म्हणून परत पाठवली होती. चार रविवारांचा वर्ग होता. तिथे ती जे शिकली ते इथे सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकजणी लोणची, पिशव्या, कुर्त्या यांचे फोटो पाठवत असता, त्यांनाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट, फोटो काढण्याआधी मोबाइलची काच मऊ सुती कापडाने पुसायची. आपल्या स्वयंपाकघरातल्या बोटांचा तेलकटपणा त्यावर असतो आणि सगळे फोटो धुरकट येतात. दुसरी, ट्यूबलाइट बंद करायची. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड वेगवेगळ्या रंगाचे असतात. दोन्ही एकत्र आले की सोन्याचा रंग बिघडतो. परत आलेल्या त्या माळेचं कारण हेच होतं. तिसरी, थेट ऊन नको. खिडकीला ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरी ओढणी लावायची, उजेड मऊ होतो. दागिन्याखाली पांढरा कार्डशीट ठेवून तो मागे भिंतीवर वळवत न्यायचा, घडी घालायची नाही, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला दुसरा पांढरा कागद उभा केला की सावलीची बाजूही उजळते. चौथी, फार जवळ जायचं नाही. थोडं लांबून दुप्पट करून काढला तर पदक वेडंवाकडं दिसत नाही. पडद्यावर दागिन्यावर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच राहतो. मग उजेड बोटानेच किंचित कमी करायचा, म्हणजे सोनं पांढरं फटक पडत नाही. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे चकचकीत दागिन्यात फोटो काढणारीच दिसते! लाल साडी नेसून काढलात तर मण्यामण्यात लाल ठिपका येतो. म्हणून जाऊबाई फोटोच्या वेळी अंगाभोवती पांढरा पंचा गुंडाळून बसतात. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून एक फोटो काढला की दागिना केवढा आहे तेही कळतं.

इथवर सगळं व्यापाराच्या कामाचं होतं. घरचे खूश, गिऱ्हाईक खूश. पण एकदा उजेड बघायची सवय लागली की ती दागिन्यापाशी थांबत नाही. तिने खिडकीत एक जुना पितळी तांब्या ठेवला आणि रोज सकाळी दहाला त्याचा एक फोटो काढायला लागली. रोज तोच तांब्या, तीच खिडकी, तीच वेळ. भाऊजी म्हणाले, "अगं, तांब्या काय विकायचाय का?" तिने काही उत्तर दिलं नाही. मे महिन्यात एक दिवस मला हाक मारून म्हणाली, "अक्का, हे बघा. ही उत्तरेची खिडकी, इथे कधी ऊन येत नाही असं आपण तीस वर्षं म्हणत होतो. आज तांब्यावर ऊन आहे." खरंच होतं. आपल्या कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो आपल्या उत्तरेकडून जातो. म्हणून तेवढे दिवस उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावतं. पावसाळ्याचे ढग येतात म्हणून ते लक्षात राहत नाही, इतकंच. पुस्तकात हे असेलच. पण तिने ते स्वतःच्या डोळ्याने शोधलं. त्याचा पैशात काय उपयोग? काही नाही. पण वीस-बावीस वर्षं मण्यापलीकडे वर न पाहिलेल्या बाईने मान वर करून आकाशाचा हिशेब लावला, हे मला फार मोठं वाटलं.

याच काळात तिने लहानसहान हातकामंही सुरू केली. लग्नपत्रिकांचा जाड, सोनेरी कागद आपण रद्दीत देतो. त्याची ती आहेराची पाकिटं करते. पत्रिकेवर णमोकार मंत्र किंवा भगवंतांचं चित्र असेल तर तो भाग आधी कापून वेगळा ठेवते, उरलेल्या कागदालाच कात्री लावते. जुन्या इरकलीचे काठ चांगले असतात, त्यांचं तोरण करते. आणि मऊ झालेल्या सुती साड्यांची, अस्तर लावून, शास्त्रांसाठी वेष्टनं शिवते. श्रुतपंचमीला बस्तीत ग्रंथ बाहेर काढून पुसतात, नवी वेष्टनं घालतात, तेव्हा तिची वेष्टनं जातात. त्यावर नाव घालायला ती तयार नसते.

गोष्ट बिघडली ती पाकिटांवरून. ओळखीतल्या एका लग्नघराने तिची पाकिटं पाहिली आणि एकदम दीडशेची ऑर्डर दिली. पंधरा रुपयांना एक. तिने नाही म्हटलं. घरात दोन दिवस अबोला झाला. मुलगा म्हणाला, "आई, कागद फुकट आहे, सगळा नफाच की!" भाऊजी म्हणाले, "घरी चालत आलेली लक्ष्मी नाकारायची नसते." शेजारणींनी तर तिला हट्टी ठरवलं. ती एवढंच म्हणाली, "मला ती करायची आहेत, पुरी करायची नाहीत."

हे वाक्य घरात कुणाला कळलं नाही. मला कळलं, आणि मी त्यांच्याच भाषेत समजावून सांगायचं ठरवलं. वही काढली. एका पाकिटाला वीस मिनिटं, दीडशे पाकिटांना पन्नास तास. पंधरा रुपयांप्रमाणे झाले साडेबावीसशे, म्हणजे तासाला पंचेचाळीस रुपये. डिंक आणि दोरी वजा करा. गाठवणीत तिला तासाला साधारण दीडशे रुपये सुटतात. तेच पन्नास तास गाठवणीला दिले तर साडेसात हजार होतात. एक काम करताना दुसरं जे हातचं सोडावं लागतं, तोही खर्चच असतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. त्या हिशेबाने ही लक्ष्मी घरात येणारी नव्हती, घरातून जाणारी होती. "आणि कागद फुकट आहे" असं म्हणणाऱ्या मुलाला मी विचारलं, "कागद फुकट आहे हे खरं, पण आईचा हातही फुकट आहे का रे?" तो गप्प बसला.

पण मैत्रिणींनो, मला हिशेबाने जिंकायचं नव्हतं. समजा उद्या कुणी पाकिटाला साठ रुपये दिले तर? तर हिशेब बरोबर बसेल, आणि तरीही मी तिच्याच बाजूने राहीन. कारण तारीख लागली की ते पाकीट पाकीट राहत नाही, दुसरी ठुशी होतं. पुन्हा मान खाली, पुन्हा रात्रीचे अकरा, पुन्हा "हे दोन वेगळ्या रंगाचे का?" म्हणून विचारणा. ज्या वस्तूने तिला विसावा दिला तीच तिच्या डोक्यावर बसणार. माणसाला भूक लागते तसा विसावाही लागतो, आणि हाताने काम करणाऱ्या बाईचा विसावा नुसतं बसण्यात नसतो. तिचा हात हलायलाच हवा असतो, फक्त कुणाच्या धाकाशिवाय.

यावर कुणी म्हणेल, आपल्या आज्यांनी घरातल्या कलेतूनच संसार सावरले. अगदी खरं. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. ज्या घराला गरज आहे तिथल्या बाईने आपली कला जरूर विकावी, त्यात कमीपणा काहीच नाही. उलट माझं तर म्हणणं आहे की जे काम म्हणून करता त्याचे पैसे पुरेपूर घ्या. नातेवाईक जाऊबाईंकडे मंगळसूत्र आणतात आणि "घरचंच आहे, कशाला पैसे?" म्हणतात. तिथे संकोच करू नका. दोरा, मणी, वेळ, नजर सगळं धरून आकडा सांगा. गंमत बघा, जिथे पैसे द्यायला हवेत तिथे आपण "घरचंच" म्हणतो आणि जिथे बाई आपल्या आनंदासाठी काही करते तिथे दुकान मांडायला सांगतो. म्हणून दोन वह्या वेगळ्या ठेवा. कामाच्या वहीत एक पैसाही सोडू नका. छंदाच्या वहीत एक पैसाही लिहू नका.

"या वयात?" असंही विचारतात. इंग्लंडमधल्या मेरी डेलनी नावाच्या बाईंनी १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कातरून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला सुरुवात केली. पाकळी, देठ, केसर सगळं कागदाचं. नजर साथ देईपर्यंत त्यांनी जवळजवळ हजार फुलं केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याजवळचं उदाहरण होमाई व्यारावाला यांचं. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव. सुरुवातीला तर त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. १९७० मध्ये त्यांनी ते काम थांबवलं आणि पुढची कित्येक वर्षं बागकाम करत, घरातल्या वस्तू स्वतःच्या हाताने बनवत, दुरुस्त करत काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. एकीचं कामच फोटो काढण्याचं, तिने घरकामातली कारागिरी आपलीशी केली. आमची एक गाठवणारी, तिने फोटो आपलासा केला.

आता आपल्या घरातल्या दोन गोष्टी, ज्या छंद धरताना आपण विसरतो.

एक म्हणजे साहित्य. दागिन्याच्या कामात जाऊबाईंच्या हाती जे येतं ते सगळं आपल्या मनासारखं नसतं. रेशमी दोऱ्यासाठी कोश उकळतात. लाख ही किड्यापासून मिळते, आणि बोरमाळेचे मणी वरून सोन्याचे, आत लाखेचे असतात. जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३ साली पहिला कल्चर मोती काढला आणि मोती स्वस्त झाले, पण शिंपल्यातला जीव बहुतेक वेळा जातोच. गिऱ्हाइकाचा दागिना आला की तिचा नाइलाज असतो. स्वतः तयार करते त्यात ती नायलॉनचा किंवा सुती दोरा आणि काचेचे मोती वापरते. पण छंदात नाइलाज नसतो! तिथे निवड पूर्ण आपली. सरस हाडांचा आणि कातड्याचा असतो, त्याऐवजी खळ किंवा डिंक चालतो. केसांच्या ब्रशऐवजी नायलॉनचा ब्रश मिळतो. आणखी एक गोष्ट मला अलीकडेच कळली. पूर्वीच्या फोटोच्या रोलवर आणि कागदावर जिलेटिनचा थर असायचा, तोही प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला. मोबाइलच्या फोटोत ते आपोआप टळलं. म्हणजे हा छंद आपल्या घरात यायला आता काहीच हरकत नाही.

दुसरी म्हणजे साठा. छंद म्हणजे खरेदी नव्हे. हस्तकलेच्या दुकानात गेलं की टिकल्या, लेस, रंगीत कागद बघून हात सुटतो, घरी येऊन डबे भरतात आणि करायचं राहूनच जातं. हाही परिग्रहच. जाऊबाईंची एक पत्र्याची पेटी आहे. ती रिकामी झाल्याशिवाय नवीन काही आणायचं नाही, हा तिचा नियम. फोटोंचंही तसंच. मोबाइलमध्ये पाच-सहा हजार फोटो साठवून कोण बघतं? ती दर चतुर्दशीला बसते, महत्त्वाचे ठेवते, बाकीचे काढून टाकते. तांब्याचे मात्र सगळे आहेत.

घरातल्यांनी काय करावं, हेही सांगते. महागडा मोबाइल नको, वर्गाची फीसुद्धा फार नसते. दिवसातला एक तास द्यावा आणि त्या तासात हाक मारू नये. एक खिडकी द्यावी. खिडकीजवळची जागा आपल्या घरांत बहुधा टीव्हीने किंवा कपड्यांच्या घोडीने अडवलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्न बदलावा. "कितीला देतेस?" ऐवजी "हे कसं केलंस?" विचारावं. करणारी बाई अर्धा तास उत्साहाने सांगेल, आणि ऐकणाऱ्यालाही काहीतरी मिळेल.

त्या लग्नघराला जाऊबाईंनी शेवटी काय दिलं ते सांगून थांबते. दीडशेची ऑर्डर घेतली नाही, पण मुहूर्ताच्या दिवशी स्वतः केलेली एकवीस पाकिटं नेऊन दिली, भेट म्हणून. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. त्यांनी पैसे पुढे केले तेव्हा तिने हात जोडले. मंगळसूत्र गाठवल्याचे पैसे मात्र त्याच घराकडून ठरल्याप्रमाणे मोजून घेतले.

तुमच्या घरातही अशी कुणीतरी असेल. दिवसभर दुसऱ्यांचे दागिने गाठवणारी, फॉल-पिको करणारी, डबे करून देणारी. तिच्या हातात उद्या काहीतरी बिनकामाचं दिसलं, तर कृपा करून किंमत विचारू नका. आणि ती तुम्हीच असाल, तर कुणी विचारलंच, तर हसून "हे विकायचं नाही" म्हणा. सांगायला अवघड वाटतं, पण एकदा सांगून पाहा.